डावं पुढचं चाक

झटका आला तेव्हा आदिनाथच्या मागे त्याची बायको बसलेली होती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. एकटा असता तर त्याने तो झटका मनाचा खेळ म्हणून सोडून तरी दिला असता, नाहीतर खरा म्हणून घट्ट धरून तरी ठेवला असता. पण झरीहून परभणीकडे येताना, शहर जवळ आल्यावर जिथे रस्ता थोडा उतरतो आणि वीटभट्ट्या लागतात, तिथे त्या चारचाकी फटफटीचं हँडल त्याच्या मुठीत एकाएकी डावीकडे ओढलं गेलं, फडफडलं, आणि काही झालंच नाही अशा साळसूदपणे पुन्हा सरळ झालं. मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. त्याने गाडी कडेला घेतली आणि मान वळवली. शिवकन्या हरभऱ्याच्या टहाळाची पेंढी मांडीवर धरून एकेक घाटा सोलून खात होती.

"जाणवलं का तुला?"

"काय?"

"आत्ता. हँडलाला झटका बसला."

"मला कसा जाणवंल? हँडल तुमच्या हातात हाय." तिने सोललेले हिरवे दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. "चला आता, गार लागायलंय."

दाणे खात खात तो निघाला. खरं तर बायकोला असल्या गाडीवर बसवून तिच्या बहिणीकडे नेणं हा त्याचा हिशेबीपणा होता. गाडीची लांबवर ट्रायलही होईल आणि साडूकडचा पाहुणचारही, एका दगडात दोन पक्षी. रुंद टायरांची, पुढे लोखंडी जाळी लावलेली ती एटीव्ही आणि तिच्यावर डोक्याला शाल गुंडाळलेली शिवकन्या, हे ध्यान बघून झरीच्या पारावरची माणसं पोट धरून हसली होती. तेव्हा त्यालाही हसू आलं होतं. आता मात्र त्याचे दोन्ही हात मुठींवर आवळलेले होते आणि तो पुढच्या झटक्याची वाट बघत होता. घर येईपर्यंत झटका आला नाही. दारात उतरताना त्याला वाटलं, बसलाच नसेल. आणि जिना चढताना वाटलं, मग मुंग्या कशाच्या?

गाडी बोरीच्या आश्रुबांची होती. दोन वर्षांपूर्वी लम्पीच्या साथीत त्यांचे दोन्ही बैल आठवड्याच्या आत गेले. त्यानंतर परभणीत कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या त्यांच्या मुलाने, बजरंगने, ही गाडी कुठूनशी जुनी बघून आणून दिली. मोसंबीच्या ओळींतून फवारणीचा पंप ओढायला, हळदीची पोती रानातून घरी आणायला, आणि म्हाताऱ्याला रानातल्या आखाड्यावर जायला-यायला. म्हातारा सत्तरी ओलांडलेला, पण आठ दिवसांत तिच्यावर असा बसायला लागला की बोरीची पोरं बघत राहिली. मग दिवाळीच्या सुमाराला कालव्याच्या चारीच्या कडेने येताना गाडी एकदम डावीकडे गेली आणि आश्रुबा खाली आले. बरगडीवर निभावलं. शुद्धीवर असलेल्या माणसाने जे सांगावं ते त्यांनी पहिल्या क्षणापासून सांगितलं: हँडलाने झटका दिला. गावात दोघा-तिघांनी गाडी चालवून बघितली, बजरंगने स्वतः आखाड्यापर्यंत नेऊन आणली. कोणालाच झटका बसला नाही. तेव्हा घरात जे बोलणं झालं ते असं: गाडी परभणीच्या आदिनाथ मिस्त्रीकडे टाकायची. तिच्यात खोट निघाली तर दुरुस्त करून परत आणायची, आणि आबांनी पूर्वीसारखं बोरीला राहायचं. खोट निघाली नाही, तर खोट आबांच्या हातात आहे असं समजायचं, रान बटईनं द्यायचं आणि आई-आबांनी परभणीला यायचं. कडूबाई, म्हणजे बजरंगची आई, बोलणं चालू असतानाच उठून म्हशीची धार काढायला गेली. आश्रुबा म्हणाले, "मिस्त्री म्हनंल ते खरं."

हे सगळं बजरंगने गाडी पिकअपमधून उतरवताना सहज सांगितलं, आणि आदिनाथनेही सहजच ऐकून घेतलं. गॅरेजवर माणसं काय काय सांगतात. पण ते "मिस्त्री म्हनंल ते खरं" त्याच्या कानात जाऊन बसलं. आजवर त्याच्या शब्दावर क्लच प्लेट बदलली गेली होती, इंजिनं उतरली होती. एका म्हाताऱ्या जोडप्याचं बिऱ्हाड कधी हललं नव्हतं.

गाडीला त्याने जे करायचं ते सगळं केलं होतं. सकाळी, गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू व्हायच्या आधी, गॅरेजसमोर शेकोटी पेटवून तो तिच्यापाशी बसायचा. परभणीच्या थंडीत पाना हातात घ्यायचा म्हणजे बर्फाचा खडा धरायचा. पुढचा भाग जॅकवर उचलायचा, चाक वरून-खालून धरून हलवायचं, मग डावी-उजवीकडून धरून हलवायचं. ढिलेपणा असेल तर हाताला खट् असं लागतं. लागत नव्हतं. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडची टोकं थोडी झिजलेली वाटली म्हणून त्याने नवी टाकली. चारही चाकांची हवा सारखी केली. सुतळी ताणून पुढच्या चाकांचा मेळ बघितला, तो बोटभरही चुकला नव्हता. सगळीकडे हळदीची पिवळी पूड बसलेली, सांध्यांत, नटांच्या घरांत, चाकांच्या टोप्यांच्या कडांना. ती ब्रशने झटकून त्याने सगळं नीट पाहिलं. हळद पिकवणाऱ्याच्या गाडीवर हळद असणारच. मग तो गाडी काढून विद्यापीठाच्या रस्त्याला एक चक्कर मारून यायचा. गाडी गरीब गाईसारखी चालायची.

आणि आता हा झटका. बसलेला की न बसलेला.

एरवी आदिनाथ हा गोंधळणारा माणूस नव्हता. गिऱ्हाईक बोलायला लागलं की तो त्याच्याकडे लक्षच द्यायचा नाही, गाडीला हात लावायचा आणि सांगून टाकायचा. त्याचा थोडा गर्वही त्याला होता, आणि तो लपवण्याइतकी अक्कल त्याला अजून आलेली नव्हती. पण झरीहून आल्या त्या रविवारनंतर त्याचं काहीतरी बिनसलं. दुसऱ्या दिवशी त्याने चक्कर मारली, काही नाही. मुठी सैल धरून बघितल्या, आवळून बघितल्या, एका हाताने चालवून बघितलं. काही नाही. मग एका शिक्षकाची स्कूटर ट्रायलला घेतली आणि तिच्या हँडलाला त्याला थरथर लागली. "हँडल मारतंय तुमचं," तो म्हणाला. "छे हो," शिक्षक म्हणाले, "मी तर ब्रेकसाठी आणलीय." शिक्षकांनी चालवून बघितली, त्याच्या हाताखालच्या भागवतने चालवून बघितली. स्कूटर ठणठणीत होती. भागवतने ज्या नजरेने बघितलं ती नजर आदिनाथला ओळखीची वाटली. आश्रुबांकडे बोरीची माणसं अशीच बघत असणार. त्याला म्हाताऱ्याची दया आली, आणि लगेच स्वतःचीच आली, आणि या दोन दया एकमेकींत अशा मिसळल्या की तो चिडला. संध्याकाळी घरी त्याने दोन्ही हात दिव्यासमोर धरून बघितले. बोटं स्थिर होती. शिवकन्या भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय, लगीन जमवायलाव का हातांचं? मघाधरनं बघायलाव त्यांच्याकडं."

"थरथरतेत का बघ."

"न्हाई थरथरत." मग थोड्या वेळाने, तव्यावरची भाकरी उलटून, "डोक्याचं काय ते मला सांगता यायचं न्हाई."

तिला हसू आलं, त्याला आलं नाही. त्याला आपले वडील आठवत होते. ते त्याला गाडी आल्यापासून आठवत होते आणि तो त्यांना बाजूला सारत होता. सिताराम हे पूर्णा जंक्शनला रेल्वेगाड्यांची चाकं ठोकून बघायच्या कामावर होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्या-डब्याखाली वाकत जायचं आणि एकेका चाकावर टोला द्यायचा. चाक खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर त्याला चीर गेली. चीर गेलेल्या मडक्याचं आणि चाकाचं सारखंच, ते म्हणायचे. लहानपणी आदिनाथ रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर अभ्यासाला बसला की पलीकडून ते खण्-खण् ऐकू यायचं आणि आपल्या बापाने गाडीला जाऊ दिलं की मगच ती जाते याचा त्याला अभिमान वाटायचा. पुढे तो मोठा झाला आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात आली, कोणी न सांगता. चहा झाल्याचं सांगायला आई आता स्वयंपाकघरातून उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची. आई, छबूबाई, ओरडून बोलणारी बाई नव्हती, म्हणून ती उठून यायची. वडिलांचा एक कान गेला होता, दुसराही निघाला होता. आणि ते रोज हातोडी घेऊन जात होते, गाड्या सोडत होते. घरात कोणी हा विषय काढला नाही. एकदाच, सायकलच्या दुकानात कामाला लागल्यावर, आदिनाथने अगदी जवळ जाऊन विचारलं होतं, "तुमाला ऐकू येतंय का, चाक वाजल्यालं?" सितारामांनी आपला तळहात उलटा करून बघितला. मग म्हणाले, "हाताला कळतंय."

हाताला कळत असेल का? हातोडी परत उसळते, तिचा दांडा तळहातात बोलतो, हे आता मिस्त्री झालेल्या आदिनाथला ठाऊक होतं. चिरलेलं चाक हातोडीला तशी उसळू देत नसेल. पण हेही ठाऊक होतं की नोकरी टिकवायची असेल तर बहिरा माणूस हेच उत्तर देईल. वडील निवृत्त झाले, वारले. त्यांनी सोडलेल्या एकाही गाडीचं चाक फुटलं नाही. यावरून काय सिद्ध होतं? त्यांना कळत होतं हे, की चाकं चांगली होती हे? वर्षानुवर्षं हा प्रश्न त्याच्या आत नुसता पडून होता, त्याचा काही त्रास नव्हता. आता आश्रुबांच्या गाडीने तो उचलून जॅकवर धरला होता. अंथरुणावर पडल्या-पडल्या त्याला वाटायचं, उद्या मी म्हणेन गाडीत खोट नाही, तर मी एका म्हाताऱ्याच्या हातांना खोटं ठरवेन. मी म्हणेन खोट आहे, आणि ती कुठे आहे हे दाखवता आलं नाही, तर म्हातारा त्या खोटीवर बसून पुन्हा चारीकाठाने जाईल आणि या वेळी बरगडीवर निभावणार नाही. आणि मला झटका बसला हे मी कशावरून म्हणतो? बोरीचं ऐकून हात आधीच झटक्याची वाट बघत होते. वाट बघणाऱ्याला पाहुणा दिसतोच.

बजरंग मधे एकदा दुकानावरून जाता जाता येऊन गेला. चाळिशीचा, पोट सुटायला लागलेला, बोलायला मऊ माणूस. भागवतला चहा आणायला पाठवून त्याने आवाज खाली घेतला.

"मिस्त्री, तुमाला खोटं बोला म्हनत न्हाई मी. पन समजा काई निघालंच न्हाई, तर तसं खडखडीत सांगा. 'बघू, असंल कायतरी' असं मोघम सांगू नका. आबा मोघमाला धरून बसतेत."

"तुमाला काय वाटतंय?" आदिनाथने विचारलं.

"मला भेव वाटतंय," बजरंग म्हणाला. "दुकानात फोन वाजला की गिऱ्हाईक सोडून धावतोय, बोरीचा असंल म्हनून. माय तर दोन-दोन घास जेवायलीय. आता तुमीच सांगा, कवरोक ढकलायचं असं?"

त्याच्या बोलण्यात काहीच चूक नव्हती. आदिनाथला त्याचा रागही आला नाही. उलट वाटलं, याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, वडिलांच्या हातून हातोडी काढून घेतली असती. काढून का घेतली नाही मग? कारण गाड्या वेळेवर जात होत्या. तो पुन्हा त्याच गोल फेऱ्यात अडकला. शेवटी शनिवारी येतो असं बजरंगने सांगितलं, आबांना घेऊन. आदिनाथने शुक्रवारी सकाळी शेकोटीपाशी पुन्हा एकदा गाडी उचलली, चारही चाकं हलवली. हाताला काही लागलं नाही. डावं पुढचं चाक तर इतर चाकांपेक्षाही घट्ट वाटलं. त्याने ठरवलं: जे हाताला लागत नाही ते नाही. मोकळं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

शनिवारी दुपारी ते आले. आश्रुबा अंगाने वाळलेले, पांढरा पायजमा, वरून मुलाचा जुना स्वेटर, डोक्याला रुमाल. ते आधी गाडीकडे गेले, तिच्या सीटवर दोनदा हात फिरवला, मग येऊन एका जुन्या टायरवर बसले. बजरंग उभाच राहिला. आदिनाथने चिंधीला हात पुसले. हात स्वच्छ होते, तरी पुसले.

"सगळं बघितलं मी," तो म्हणाला. "उचलून बघितलं, चालवून बघितलं. गाडीत काही सापडलं नाही."

म्हातारा भांडेल, निदान विचारेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. आश्रुबा म्हणाले, "बरं." रुमाल काढून त्यांनी गुडघ्यावर घडी केली. मग मुलाकडे बघून विचारलं, "म्हशीचं कसं करायचं मग? हितं कुठं बांधायची तिला?"

"म्हशीचं बघू, आबा."

"ती दुसऱ्याच्या हाताला धार देत न्हाई. तुझी माय म्हनत व्हती."

त्या आवाजात तक्रार नव्हती. शब्द दिला होता, तो ते पाळत होते, आणि आता पुढची कामं लावत होते. तोंड उघडायचं आदिनाथने ठरवलं नव्हतं, ते आपोआप उघडलं.

"मला एकदा झटका बसला होता."

बजरंगने वळून बघितलं. "काय?"

"झरीहून येताना. एकदाच. मागे बायको होती, तिला काही कळलं नाही. पुन्हा बसला नाही."

"मिस्त्री, आता सांगायलाव का हे?" बजरंगचा मऊ आवाज पहिल्यांदाच खरखरीत झाला. "एका तोंडानं म्हनता सापडलं न्हाई, दुसऱ्या तोंडानं म्हनता बसला. मी काय समजू?"

"मला कळत नाही," आदिनाथ म्हणाला. स्वतःच्या गॅरेजमध्ये, भागवतच्या देखत, हे वाक्य तो प्रथमच बोलत होता, आणि ते बोलताना त्याला लाज वाटली आणि बरंही वाटलं. "मला खरंच कळत नाही. तुम्ही एक करा. आबांना चालवू द्या. मी मागे बसतो. झरीपर्यंत जाऊन येतो."

बजरंगने बरीच कुरकुर केली. पण आश्रुबा तोवर उठून गाडीपाशी गेलेही होते. शेवटी, बजरंग आपल्या मोटरसायकलवर मागून येईल, आणि गाडी जोरात घ्यायची नाही, या अटीवर निघाले.

मागच्या सीटवर बसायची आदिनाथला सवय नव्हती. समोर म्हाताऱ्याची मान, रुमालाखालून निघालेले पांढरे केस, स्वेटरला खांद्याजवळ पडलेलं भोक. हात दिसत होते, मुठींवर सैल ठेवलेले. म्हातारा छान चालवत होता, खड्डा टाळताना अंग आधी तिकडे कलत होतं. झरीपर्यंत काही झालं नाही. तिथल्या टपरीवर कोणी चहा घेतला नाही, लगेच वळले. उन्हाला ऊब होती, तुरीची रानं पिवळी पडायला लागली होती, मागून बजरंगच्या मोटरसायकलचा एकसुरी आवाज येत होता. आदिनाथला वाटलं, आता मी उतरणार आणि पुन्हा म्हणणार, काही नाही. हा माणूस पुन्हा म्हणणार, बरं. आपण हे दोनदा का करायला निघालो?

"आला," आश्रुबा म्हणाले.

ओरडले नाहीत. दारात पाहुणा दिसावा तसं म्हणाले. आदिनाथ दचकला. त्याचं लक्ष होतं, तो सावध बसला होता, आणि त्याला काहीही जाणवलं नव्हतं. बुडाला नाही, पाठीला नाही. गाडी किंचित डावीकडे गेली असेल, नसेलही. मला कसा जाणवंल, हँडल तुमच्या हातात हाय. शिवकन्येचं ते वाक्य त्याला आता कुठे ऐकू आलं, ऐकून इतके दिवस झाल्यावर. तिने साक्ष नाकारली नव्हती. तिने फक्त जे होतं ते सांगितलं होतं.

"थांबवा," तो म्हणाला.

गाडी कडेला थांबली. आश्रुबा मागे न बघता म्हणाले, "तुमाला जाणवला न्हाई."

"नाही."

"कुनालाच जाणवत न्हाई."

"आला होता ना?"

"आला व्हता."

आदिनाथ खाली उतरला. आपण यांच्यावर विश्वास ठेवतोय, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला काहीच आधार नाही हेही. आजवर त्याने आधी हाताने बघितलं होतं आणि मग मान्य केलं होतं. आज उलटं चाललं होतं आणि ते त्याला विचित्र वाटत होतं. बजरंग मोटरसायकल लावून आला तेव्हा आदिनाथने त्याला काही न सांगता पुढची जाळी धरायला लावली. दोघांनी मिळून गाडीचं तोंड उचललं, खाली एक दगड सरकवला. आदिनाथ डाव्या चाकापाशी बसला आणि त्याने ते वरून-खालून धरून ओढलं.

खट्.

त्याने पुन्हा ओढलं. खट्. बजरंगने ऐकलं. हेच चाक काल सकाळी घट्ट होतं, सगळ्यांत घट्ट. चाकाच्या मधला भाग हाताला गरम लागत होता. गरम. रोज सकाळी, थंडीत, चक्कर मारायच्या आधीच तो ही गाडी तपासत आला होता. तापलेली गाडी त्याने एकदाही उचलून बघितली नव्हती. खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून त्याने चाकाच्या मधली टोपी सोडवली, आणि बोटांवरून कोमट, पातळ, पिवळं काहीतरी ओघळलं.

त्याला तो वास ओळखीचा वाटला आणि क्षणभर नाव सापडेना, कारण तो वास चाकात असायचं काही कारणच नव्हतं. स्वयंपाकघरातला वास होता. तूप. जुनं, खवट झालेलं तूप, आणि त्यात हळद. मग एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली. थंडीत तूप थिजलं की चाक धरून ठेवायचं. गाडी तापली की तूप वितळायचं आणि आतलं बेरिंग मोकळं हलायचं. बेरिंग गंजलेलं होतं, त्याची कड बोटाला खरबरीत लागत होती. म्हणजे आत पाणीही गेलं होतं. पण तूप? चाकाच्या टोपीच्या आत तूप कोण भरेल? त्याने मान वर केली. आश्रुबा रस्त्याच्या पलीकडे तुरीच्या रानाकडे बघत उभे होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी या मुलखात खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे दुखतात, म्हणून ते गरम पाण्याने शेकायचे, तूप-हळद लावून मळायचे. घरातला एक पोरगा पुढे उभा राहून बैलाचं तोंड धरतो, बैलाने मान झटकू नये म्हणून. आणि शेवटी बैलांच्या कानाशी वाकून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आदिनाथ क्वार्टरात वाढलेला, तरी त्यालाही हे माहीत होतं. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्याला आधी वाटलं की आपण जिंकलो, मग वाटलं म्हातारा जिंकला, आणि मग ध्यानात आलं की म्हातारा जिंकता जिंकता पार हरलाय. यंत्राची खांदेमळणी करणाऱ्या बापाला बोरीत कोण राहू देईल? त्याचे हात शाबूत निघाले, पण आता लोक डोक्याकडे बोट दाखवतील.

"काय हाय ते पिवळं?" बजरंगने विचारलं.

"बेरिंग गेलंय," आदिनाथ घाईने म्हणाला, आणि बोटं चिंधीत लपवली. "पाणी शिरलं आत. नवीन टाकलं की झालं. आबांचं खरं होतं."

एवढं पुरेसं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

"पानी म्या वतलं," आश्रुबा म्हणाले.

ते अजून रानाकडेच बघत होते. "गाडीच्या चाकाला वंगन द्यायला आपून उघडत न्हवतो का, बैलगाडीच्या? तसंच उघडलं. गरम पान्यानं शेकलं, तूप-हळद भरली. पुढल्या दोनी चाकांना. जू त्यांच्यावर येतंय म्हनून." थोडं थांबून ते म्हणाले, "डाव्याला जरा जास्त झालं. आपल्या डाव्या बैलाचा खांदा नेमी सुजायचा. हात तिकडंच गेला."

एक उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणं वाजवत गेला, त्याची धूळ बसेपर्यंत तिघे तसेच उभे होते. आदिनाथने बजरंगच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. आता तो म्हणेल, बघा मिस्त्री, मी काय सांगत होतो. म्हणायचा त्याला हक्कही होता. मग नाइलाजाने त्याने बघितलं, आणि त्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला वाचता येईना.

"आवतन दिलतं का?" बजरंगने विचारलं.

आश्रुबांनी प्रथमच मुलाकडे वळून बघितलं. "दिलं."

"कुठं वाकून दिलं? त्याला कान कुठं हायेत?"

"हँडलापाशी वाकलो. हळूच दिलं, तुझी माय ऐकंल म्हनून."

बजरंगने दगडावर टेकलेल्या त्या गाडीकडे बघितलं, जाळीला, रुंद टायरांना, उघड्या चाकातून खाली मातीत ठिबकणाऱ्या पिवळ्या धारेला. तो नाकाने जोरात श्वास घेत होता. मग त्याने वाकून जाळी पुन्हा दोन्ही हातांनी धरली, आदिनाथने चाक बसवावं म्हणून.

"पुढल्या पोळ्याला आदल्या दिशी फोन करा मला," तो म्हणाला. "एकट्यानं करू नका, आबा. मी येऊन धरतो."